एसएटीच्या रीडिंग अँड रायटिंगसाठी वर्कबुक निवडताना

बारावीनंतर थेट अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं ठरलं की घरात आधी एसएटीची, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेची, पुस्तकं यायला लागतात. ओळखीतला एखादा मुलगा तिकडे गेलेला असतो, त्याच्या आईकडून दोन जाडजूड गाइड येतात, क्लासवाले एक देतात, मामा ऑनलाइन एक मागवतो. अकरावीतल्या मुलीच्या टेबलावर गठ्ठा जमतो आणि पहिल्या पन्नास पानांपुढे एकही पुस्तक सरकत नाही. अकरावीचं कॉलेज, शिवाय कुणाचं जेईईचंही चालू असतं, त्यामुळे वेळ आधीच तुटपुंजा. म्हणून माझा आग्रह आहे की आधी चाचणी द्या, कुठे चुकतंय ते कागदावर मांडा आणि मगच पुस्तक घ्या. घेताना त्यात प्रश्न किती आहेत यापेक्षा चुकलेल्या उत्तरांची स्पष्टीकरणं कशी आहेत ते बघा.

त्याआधी एक काम. तुमच्या यादीतली कॉलेजं एसएटीचे गुण मागतात का ते प्रत्येकाच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर जाऊन तपासा. एमआयटीने २०२२ मध्ये ही अट परत आणली, हार्वर्ड, डार्टमथ आणि ब्राउन यांनी २०२४ मध्ये तसंच जाहीर केलं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र प्रवेश देताना हे गुण बघतच नाही. यादीतली सगळी कॉलेजं दुसऱ्या प्रकारातली असतील तर पुस्तकाचा प्रश्नच उरत नाही.

आजची परीक्षा कशी आहे

‘रायटिंग’ ऐकलं की आपल्याला निबंध आठवतो. एसएटीत २००५ साली निबंधासकट रायटिंगचा वेगळा विभाग आला आणि परीक्षा २४०० गुणांची झाली. २०१६ मध्ये ती पुन्हा १६०० वर आली आणि निबंध ऐच्छिक झाला. २०२१ मध्ये कॉलेज बोर्डाने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, तोही काढून टाकला. आता अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेतच घेतल्या जाणाऱ्या एसएटीपुरताच तो उरलाय. पुढे परीक्षा कागदावरून स्क्रीनवर गेली. आपल्याकडे आणि अमेरिकेबाहेर सगळीकडे मार्च २०२३ पासून, अमेरिकेत मार्च २०२४ पासून.

सध्या वाचन आणि लेखन मिळून एकच विभाग आहे, रीडिंग अँड रायटिंग. त्याला २०० ते ८०० गुण. त्याचे दोन भाग, म्हणजे मॉड्यूल, प्रत्येकात २७ प्रश्न, ३२ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद मिळतात. पहिलं मॉड्यूल कसं गेलं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं. उतारे २५ ते १५० शब्दांचे असतात आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न. उत्तर चुकलं तर गुण कापले जात नाहीत.

प्रश्न चार गटांत येतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. सुरुवातीला क्राफ्ट अँड स्ट्रक्चर, म्हणजे संदर्भावरून शब्द ओळखणं, उताऱ्याची बांधणी आणि दोन उताऱ्यांची तुलना. मग इन्फर्मेशन अँड आयडियाज, ज्यात मुख्य मुद्दा, पुरावा, तक्ते-आलेख आणि निष्कर्ष येतात. तिसरा गट स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्सचा, म्हणजे व्याकरण आणि विरामचिन्हं. शेवटी एक्स्प्रेशन ऑफ आयडियाज, म्हणजे वाक्यं जोडणारे शब्द आणि टिपणांवरून वाक्य निवडणं. जुन्या अर्थाने ‘रायटिंग’ म्हणावेत असे प्रश्न शेवटच्या दोन गटांत आहेत आणि ते मिळून विभागाचा जवळजवळ निम्मा भाग होतात. थोड्या महिन्यांत गुण सगळ्यात खात्रीने वाढतात तेही इथेच, कारण इथले नियम मोजके आहेत आणि ते शिकता येतात.

एसीटी ही कॉलेजप्रवेशासाठीचीच पण वेगळी परीक्षा, तिचं पुस्तकही वेगळं. तिच्या इंग्लिश विभागात पूर्वी ७५ प्रश्न आणि ४५ मिनिटं होती. २०२५ पासून आलेल्या नव्या रूपात ते ५० प्रश्न आणि ३५ मिनिटं झालं. ऐच्छिक निबंध तिथे अजून आहे, ४० मिनिटांचा. तुम्ही एसीटी देणार असाल तर २०२५ आधीच्या पुस्तकातलं वेळेचं गणित सोडून द्या.

पायरी १: पैसे खर्च करण्याआधी एक पूर्ण चाचणी

कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक हे अ‍ॅप लॅपटॉपवर फुकट उतरवता येतं. खरी परीक्षा याच अ‍ॅपमध्ये होते, आणि पूर्ण लांबीच्या सराव चाचण्याही त्यातच आहेत. रविवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एक चाचणी सलग द्या. गणिताच्या विभागासकट द्या, कारण थकवाही कळायला हवा.

निकाल आला की आकडा बघून खूश किंवा नाराज होऊन थांबू नका. चुकलेला प्रत्येक प्रश्न उघडा आणि वहीत तीन रकाने करा: प्रश्न कोणत्या गटातला, मी काय निवडलं, ते का निवडलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘कानाला बरोबर वाटलं’, ‘शब्दाचा अर्थ माहीत नव्हता’, ‘वेळ संपला’, ‘उतारा समजला पण प्रश्न नीट वाचला नाही’, अशी खरी कारणं लिहा. बरोबर आलेले पण अंदाजाने मारलेले प्रश्नही याच यादीत घ्या.

आता या यादीवरूनच खरेदी ठरते. चुका कॉमा, सेमीकोलन आणि क्रियापदांत असतील तर व्याकरणाचं वर्कबुक हवं. त्या उताऱ्यांचा अर्थ लावण्यात असतील तर वाचनाचं हवं. सगळीकडे थोड्या थोड्या असतील तर बहुतेक वेळा आधी पुस्तकाची गरजच नसते, पुढची पायरी पुरते.

पायरी २: फुकट आहे ते आधी संपवा

खान अकॅडमीचा एसएटीचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्डाच्या सहकार्याने बनला आहे आणि पूर्ण मोफत आहे. शिवाय कॉलेज बोर्डाची स्वतःची प्रश्नपेढी आहे. तिथे गट, कौशल्य आणि काठिण्य निवडून प्रश्न काढता येतात, स्पष्टीकरणासकट पीडीएफ करता येते. फक्त विरामचिन्हांचे अवघड प्रश्न हवेत असं तुम्ही तिथे सांगू शकता. म्हणजे तुमच्या चुकांपुरतं वर्कबुक तुम्ही स्वतःच छापून घेऊ शकता, तेही खऱ्या परीक्षेच्या लेखकांनी लिहिलेल्या प्रश्नांचं.

एक खबरदारी मात्र घ्या. ब्लूबुकच्या सराव चाचण्यांतले प्रश्नही या पेढीत असतात. ते वगळण्याची खूण तिथे दिलेली आहे, ती आठवणीने करा. नाहीतर पुढची सराव चाचणी देताना निम्मे प्रश्न ओळखीचे निघतील आणि गुण फुगलेले दिसतील.

पायरी ३: अधिकृत पुस्तक घ्यायचं का?

कॉलेज बोर्डाचं ‘द ऑफिशियल डिजिटल एसएटी स्टडी गाइड’ हे पुस्तक बहुतेक जण सर्वात आधी घेतात. प्रश्नांच्या दर्जाबद्दल शंका नाही. पण २०२३ च्या आवृत्तीतल्या चार सराव चाचण्या कॉलेज बोर्डाने पीडीएफ म्हणून फुकटही दिल्या होत्या, त्यामुळे विकत घेताना नेमकं नवीन काय मिळतंय ते अनुक्रमणिकेत बघा. दुसरं असं की छापील चाचणी तुमच्या उत्तरांप्रमाणे बदलू शकत नाही, म्हणून ती लांब असते. रीडिंग अँड रायटिंगच्या छापील मॉड्यूलमध्ये २७ ऐवजी ३३ प्रश्न आणि ३९ मिनिटं असतात. हे माहीत नसलं की मुलं ‘माझा वेळ पुरतच नाही’ म्हणून घाबरतात.

माझ्या मते हे पुस्तक घ्यावं ते ज्याला कागदावर पेन्सिलने विचार करायची सवय आहे त्याने. स्क्रीनवर सहज काम करणाऱ्या मुलाला त्याची गरज नाही. यात व्याकरणाचे नियम सावकाश, पायरीपायरीने शिकवलेले नाहीत, आणि ते काम खासगी प्रकाशकांच्या वर्कबुकचं आहे.

पायरी ४: दुकानात पुस्तक हातात घेऊन

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर एसएटीची पुस्तकं मिळतात, नवी आणि जुनी दोन्ही. ऑनलाइन घेत असाल तर आतली नमुना पानं उघडा. पहिली पाच मिनिटं नुसती चाळण्यात घालवा.

मुखपृष्ठावरच्या सालावर भिस्त ठेवू नका, प्रश्न बघा. व्याकरणाच्या प्रश्नात वाक्यातला भाग अधोरेखित करून पहिला पर्याय ‘नो चेंज’ दिलेला असेल तर ते पुस्तक डिजिटलपूर्व एसएटीचं आहे, नाहीतर एसीटीचं. आजच्या एसएटीत रिकामी जागा असते आणि चार पर्यायांतून ती भरायची असते. मग अनुक्रमणिकेत टिपणांच्या प्रश्नाचं प्रकरण शोधा. या प्रश्नात एखाद्या विद्यार्थ्याने काढलेले चार-पाच मुद्दे दिलेले असतात आणि ‘अमुक हेतू साधायला कोणतं वाक्य योग्य’ असं विचारतात. हा प्रकार डिजिटल परीक्षेबरोबर आला, त्यामुळे तो पुस्तकात नसेल तर पुस्तक जुनं. निबंधावर मोठं प्रकरण असेल तर आणखी जुनं. आणि शब्दांच्या जोड्या लावायचे अ‍ॅनालॉजीचे प्रश्न दिसले तर ते २००५ च्याही आधीचं, सरळ खाली ठेवा.

याचा अर्थ जुनं सगळं टाकाऊ असा नाही. २०१६ ते २०२३ या काळातल्या रायटिंगच्या पुस्तकांत विरामचिन्हं आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ यांचे नियम तेच आहेत. कुणी फुकट दिलं तर तेवढी प्रकरणं वापरा. सारखे वाटणारे शब्द, कोणत्या शब्दापुढे कोणतं प्रीपोझिशन, पाल्हाळ कमी करणं, यांवरचे धडे सोडून द्या. डिजिटल परीक्षेत हे प्रश्न उरलेले नाहीत.

फुटपाथवरच्या स्वस्त प्रतींबद्दल. झेरॉक्ससारखी छपाई असलेल्या नकली प्रती सर्रास मिळतात. त्या घेऊ नयेत याला नैतिक कारण आहेच, पण व्यवहाराचंही आहे. तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नात दोन करड्या पट्ट्यांमधला फरक दिसावा लागतो, आणि अशा प्रतींत नेमका तोच पुसट झालेला असतो. कॉमा आणि सेमीकोलनचीही तीच गत. ज्या परीक्षेत एका ठिपक्याने उत्तर बदलतं, तिथे ठिपका स्पष्ट दिसलाच पाहिजे.

पायरी ५: मागची पानं आधी वाचा

वर्कबुकची खरी पारख उत्तरांच्या पानांवर होते. कोणतेही तीन प्रश्न निवडा, ते सोडवा आणि त्यांची स्पष्टीकरणं वाचा. ‘पर्याय ब बरोबर, कारण तो वाक्यात योग्य बसतो’ असं लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. चांगलं स्पष्टीकरण बरोबर पर्यायामागचा नियम सांगतं आणि उरलेले तीन का चुकतात तेही एकेक करून सांगतं. जो पर्याय मुलांना फसवतो त्याच्यावर त्याने जास्त वेळ घालवलेला असतो.

प्रश्नही तपासून बघता येतो, आणि त्यासाठी इंग्रजीचे प्राध्यापक असण्याची गरज नाही. समजा वाक्य असं आहे: ‘द रिव्हर रोज ओव्हरनाइट’, मग रिकामी जागा, मग ‘द व्हिलेजर्स मूव्हड टू हायर ग्राउंड’. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं आहेत. इथे फुलस्टॉप चालतो, सेमीकोलनही चालतो, नुसता कॉमा चालत नाही. खऱ्या परीक्षेत अशा ठिकाणी फुलस्टॉप आणि सेमीकोलन हे दोन्ही पर्याय एकत्र देत नाहीत, कारण मग दोन उत्तरं बरोबर येतील. वर्कबुकमध्ये ते दोन्ही दिले असतील आणि त्यातलं एकच ‘जास्त चांगलं’ म्हणून बरोबर धरलं असेल, तर लेखकाला परीक्षेची रीत कळलेली नाही. असा एक प्रश्न छपाईची चूक म्हणून सोडता येईल. दोन सापडले की पुस्तक ठेवून द्या.

टिपणांच्या प्रश्नातही अशीच पारख करता येते. खऱ्या प्रश्नात चारही वाक्यं व्याकरणाने शुद्ध असतात आणि त्यांतली माहितीही टिपणांशी जुळते. फरक एवढाच की विचारलेला हेतू एकच वाक्य साधतं. वर्कबुकमधले चुकीचे पर्याय व्याकरणाच्या चुकीमुळे बाद होत असतील, तर तुमचा सराव भलत्याच गोष्टीचा होईल.

मराठी घरातल्या मुलांनी विशेष बघायचं ते

आपल्याकडे बोर्डाच्या पेपरात ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ असतं. रिमूव्ह टू, नो सूनर-दॅन, व्हॉइस बदला, डिग्री बदला. वर्षानुवर्षं हेच इंग्रजी व्याकरण म्हणून घोटलेलं असतं. एसएटीत यातलं काहीही विचारत नाहीत. ज्यांची आपल्याला कायम धास्ती असते ती ‘ए, अ‍ॅन, द’ ही आर्टिकल्सही नाहीत. म्हणून ‘सगळं इंग्रजी व्याकरण’ शिकवणारं जाडं पुस्तक इथे चुकीचं. वाक्य कुठे संपतं, कर्ता कोणता, क्रियापद कोणत्या रूपात हवं, जोडलेला मजकूर कशाने वेगळा करायचा, यांवर खोलात जाणारं पातळ वर्कबुक बरं.

दोन जागी आपली भाषा आपल्याला हमखास अडवते. ‘पाऊस वाढला, आम्ही तिथेच मुक्काम केला’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. दोन पूर्ण वाक्यं कॉमाने जोडायची आपल्या कानाला सवय आहे. इंग्रजीत ही चूक धरतात आणि परीक्षेत ती पुन्हा पुन्हा विचारतात. दुसरी जागा: ‘रस्त्याने जाताना पाऊस लागला.’ रस्त्याने कोण जात होतं हे सांगायची मराठीत गरज पडत नाही. इंग्रजीत ‘वॉकिंग डाउन द रोड’ नंतर कॉमा आला की लगेच चालणाऱ्या माणसाचं नाव यावं लागतं. तिथे पाऊस आला तर पाऊसच चालत होता असा अर्थ होतो. निवडलेल्या वर्कबुकमध्ये या दोन्ही विषयांना स्वतंत्र धडे आणि भरपूर प्रश्न आहेत का ते मुद्दाम बघा. नसतील तर मराठी माध्यमातून किंवा अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलासाठी ते पुस्तक अपुरं आहे.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात वाढलेल्या आपल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा कान इंग्रजीचा असतो, त्यामुळे वाक्यं जोडणारे शब्द आणि क्रियापदं ती बरोबर आणतात. अडतात ती विरामचिन्हांच्या नावांवर आणि नियमांवर, कारण आजवर सगळं कानाने भागलेलं असतं. त्यांना वाचनाचं पुस्तक सहसा लागत नाही, व्याकरणाचं छोटं वर्कबुक पुरतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत परीक्षांची पुस्तकं मिळतात. आधी आणून आठवडाभर वापरा, उत्तरं वेगळ्या वहीत लिहा, पटलं तरच विकत घ्या.

शब्दसंग्रहाच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात: हजारो अवघड शब्दांच्या याद्या पाठ करू नका. आज शब्द संदर्भातून विचारतात. रोज एखादा विज्ञानाचा किंवा इतिहासाचा इंग्रजी लेख वाचून अडलेले शब्द वाक्यासकट लिहून ठेवले, तर त्याचा उपयोग जास्त.

पायरी ६: घेतल्यावर कसं वापरायचं

पहिल्या पानापासून शेवटापर्यंत जायची गरज नाही. चुकांच्या वहीत ज्या विषयाच्या नोंदी सर्वाधिक, ते प्रकरण पहिलं घ्या. धडा वाचा, दहा-बारा प्रश्न घड्याळ न लावता सोडवा आणि प्रत्येक उत्तरापुढे नियम चार शब्दांत लिहा. बरोबर आलेल्यांपुढेही लिहा. नियम लिहिता येत नसेल तर उत्तर अंदाजाने आलंय असं समजा. दुसऱ्या दिवशी त्याच कौशल्याचे प्रश्न अधिकृत प्रश्नपेढीतून काढून स्क्रीनवर सोडवा, या वेळी ७१ सेकंदांचं भान ठेवून. वर्कबुकमध्ये नियम पक्का करायचा आणि अधिकृत प्रश्नांवर तो तपासायचा, असं दोघांत काम वाटून घ्या.

ब्लूबुकमध्ये पर्याय खोडायची, मजकूर रंगवायची आणि प्रश्नावर खूण करून नंतर परत यायची सोय आहे. कागदावर शिकताना हाताला लागलेल्या सवयी तिथे आपोआप येत नाहीत. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी एक पूर्ण चाचणी ब्लूबुकवर द्या. सगळ्या चाचण्या सुरुवातीलाच उडवू नका. निदान दोन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

दुसरं पुस्तक कधी?

पहिल्यातली तुमच्या कामाची प्रकरणं संपली, दोन चाचण्यांत तोच विषय पुन्हा चुकला आणि त्या विषयाचं पहिल्या पुस्तकातलं स्पष्टीकरण तुम्हाला पटत नसेल, तरच. तेव्हाही फक्त त्या एका विषयाचं पुस्तक घ्या. प्रकाशकाच्या सराव चाचण्यांत कमी गुण पडले म्हणून दुसरं पुस्तक घेणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या चाचण्यांची काठिण्यपातळी खऱ्या परीक्षेशी जुळेलच असं नसतं, आणि पहिल्या मॉड्यूलवरून पुढचं मॉड्यूल ठरण्याची पद्धत छापील पुस्तकात आणताच येत नाही. गुणांचा अंदाज बांधायचा तो ब्लूबुकवरूनच.

धाकटी बहीण आठवी-नववीत असेल तर तिच्यासाठी आत्ताच काही विकत घेऊ नका. तुमच्या वर्कबुकमधली उत्तरं पेन्सिलने लिहा किंवा वहीत ठेवा. ती अकरावीत येईल तेव्हा परीक्षेचं रूप तेच आहे का ते कॉलेज बोर्डाच्या साइटवर बघून घ्या, आणि असेल तर व्याकरणाची प्रकरणं तिलाही वापरता येतील.